बेस गेला, आवाज पोकळ झाला: हेडफोन आणि स्पीकर क्रमाने कसे तपासावेत

हेडफोन किंवा स्पीकर दुरुस्तीला येतात तेव्हा सोबत बहुधा एकच तक्रार येते, ती म्हणजे "बेस येत नाही". ऐकणाऱ्याची अशी समजूत झालेली असते की आतला ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) गेला आणि आता नवीन घ्यावे लागणार. प्रत्यक्षात ड्रायव्हर निकामी झालेला क्वचितच सापडतो. हवेची गळती, उलटी जोडलेली वायर, चुकीची जागा किंवा फोनमधील एखादे सेटिंग यांपैकीच काहीतरी बहुतेक वेळा निघते, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

लक्षणे

एकाच तक्रारीखाली निरनिराळी लक्षणे दडलेली असतात. त्यांतले आपले कोणते हे आधी ठरवावे, म्हणजे निम्मे निदान तेथेच होते.

– आवाज स्पष्ट पण पातळ आहे. हेडफोन तळहातांनी कानांवर दाबले की बेस परत येतो.
– गायकाचा आवाज दबलेला किंवा जवळजवळ नाहीसा झाला आहे, वाद्ये आणि प्रतिध्वनी मात्र ऐकू येतात.
– सगळाच आवाज फोनवरच्या संभाषणासारखा झाला आहे.
– दोन स्पीकर एकत्र वाजताना बेस कमी लागतो, पण एक बंद केला की वाढतो.
– नेहमीच्या जागी बसल्यावर बेस नाही, दाराशी किंवा कोपऱ्यात उभे राहिले की भरपूर आहे.
– बेस आहे, पण त्याच्यासोबत फडफड किंवा घासल्यासारखा आवाज येतो.
– बिघाड एका दिवसात झालेला नाही. काही वर्षांत आवाज हळूहळू कोरडा होत गेला आहे.

आधी ऐकण्याची पद्धत ठरवावी

काहीही उघडण्यापूर्वी एकच गाणे, एकाच फोनवरून आणि एकाच पातळीवर दोन वेगवेगळ्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर ऐकावे. पातळी सारखी ठेवण्याचा आग्रह यासाठी की मंद आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापांतून हे १९३३ साली मांडले होते, आणि जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे जे बटण असे ते हीच उणीव भरून काढण्यासाठी. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक केल्यावर बेस गेल्यासारखा वाटणे हा त्यामुळे बिघाड नव्हे. याच कारणाने दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन स्पीकरपैकी जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर हमखास "चांगला" वाटतो.

कोणते गाणे निवडावे, यालाही महत्त्व आहे. पुष्कळ जण तानपुरा लावून पाहतात, पण बेसच्या परीक्षेला तो फसवा आहे. काळी एकच्या पट्टीतील पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची (सेकंदाला ६९ कंपनांची) असते, तरीही जवारीमुळे तिच्यात वरचे उपस्वर इतके ठळक असतात की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही खर्ज "ऐकू येतो". वास्तविक तो स्पीकर ६९ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही, उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो एवढेच. त्यापेक्षा तबल्याच्या स्वतंत्र वादनाचे चांगले ध्वनिमुद्रण घ्यावे आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड लक्ष देऊन ऐकावी. स्वर खालून वर सलग चढत गेला पाहिजे. मधल्याच एखाद्या ठिकाणी तो एकदम फुगत असेल तर तो बेस चांगला नसून घुमणारा आहे. मींडेची सुरुवातच ऐकू येत नसेल तर बेस खरोखर कमी आहे. बेस जास्त असणे आणि बेस चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका परीक्षेत कळते. मुद्दाम बेस वाढवून चढवलेली गाणी मात्र टाळावीत, कारण त्यांतील आवाज मुळातच फाटलेला असू शकतो आणि दोष स्पीकरच्या माथी मारला जातो.

सेटिंग

दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तेच हेडफोन नीट वाजत असतील तर दोष हेडफोनचा नाही, आणि पुढचे बरेचसे वाचण्याची गरज उरत नाही. पहिल्या फोनमधील इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करण्याची सोय) पूर्ण बंद करून पाहावा. इक्वलायझर फोनमध्ये असतो, गाण्यांच्या ॲपमध्ये असतो आणि हेडफोनच्या कंपनीच्या ॲपमध्येही असतो, त्यामुळे एक बंद केला तरी दुसरा चालू राहिलेला असू शकतो. टीव्ही किंवा साउंडबार असेल तर 'नाइट मोड' बंद आहे याची खात्री करावी, कारण खालचे स्वर दाबणे हेच बहुधा त्याचे काम असते.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. बेस कमी आहे म्हणून इक्वलायझरची डावीकडची पट्टी वर ढकलणे हा उपाय नव्हे. ३ डेसिबल वाढवण्यासाठी त्या पट्ट्यात दुप्पट शक्ती लागते आणि १० डेसिबलसाठी दहापट; एवढी शक्ती छोट्या ॲम्प्लिफायरपाशी नसते, म्हणून आवाज वाढण्याऐवजी फाटतो. फेरफार करायचाच असेल तर मधल्या आणि वरच्या पट्ट्या थोड्या खाली आणून एकूण आवाज वाढवावा.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज एकाएकी टेलिफोनसारखा झाला, तर कोणते तरी ॲप मायक्रोफोन वापरत आहे असे समजावे. संगीत ऐकण्याची आणि बोलण्याची अशा ब्लूटूथच्या दोन स्वतंत्र रीती आहेत. मायक्रोफोन सुरू होताच जोडणी बोलण्याच्या रीतीवर जाते, जिच्यात जुन्या उपकरणांवर वरची मर्यादा ४ किलोहर्ट्झच्या आसपास येते, स्टिरिओ जाते आणि बेसही बारगळतो. व्हिडिओ मीटिंगची खिडकी पूर्ण बंद करावी. विंडोज १० असलेल्या संगणकावर एकाच हेडफोनची दोन नावे दिसतात, त्यांतले 'स्टिरिओ' लिहिलेले निवडावे आणि 'हँड्स-फ्री' लिहिलेले सोडावे. घरून काम करणाऱ्यांचे कितीतरी "बिघडलेले" हेडफोन एवढ्यावर दुरुस्त होतात.

कानाशी होणारी हवेची गळती

माझ्या अनुभवात हेडफोनच्या बेसची सर्वांत मोठी शत्रू म्हणजे फट. कानात बसणारा इअरफोन कानाच्या नळीतील दोन-एक घन सेंटिमीटर हवेवर दाब देऊन आवाज निर्माण करतो. ५० हर्ट्झच्या स्वरात पडदा एका दिशेला ढकलला जातो तो सुमारे १० मिलिसेकंद. एवढ्या अवधीत बारीकशा फटीतूनही हवा बाहेर निसटते आणि दाब तयारच होत नाही. वरच्या स्वरांत दिशा इतक्या झपाट्याने पालटते की हवेला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, शाबूत राहतो आणि फक्त बेस जातो. गाणे स्पष्ट पण पातळ ऐकू येणे हे म्हणूनच गळतीचे पक्के चिन्ह मानावे.

तपासणी सोपी आहे. गाणे चालू ठेवून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावेत. बेस भरून आला तर टोकाचे सिलिकॉनचे टोपण कानाच्या मापाचे नाही. डब्यात बहुधा तीन मापांची टोपणे येतात आणि बहुतेक जण मधले बसवलेलेच वापरत राहतात. मोठे माप लावून पाहावे. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात, तेव्हा एका बाजूला मधले आणि दुसऱ्या बाजूला मोठे लावण्यात काहीही गैर नाही. इअरफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते आणि टोपण नीट बसते. फोमची टोपणे दाबून घातल्यावर आत फुगतात आणि फट जवळजवळ राहू देत नाहीत, मात्र ती घामाने लवकर खराब होतात. ज्यांच्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज कापण्याची सोय आहे, त्यांची तीही सोय फट असल्यास नीट चालत नाही. बसच्या इंजिनाची घरघर पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागली असेल तर फटीचाच संशय घ्यावा.

कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये हीच गळती गादीतून होते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत गादीवरचे रेक्झिन भेगाळते आणि त्याची काळी पापुद्री मानेवर, कॉलरवर चिकटू लागते. तोपर्यंत बेस कितीतरी आधीच उतरलेला असतो. चष्म्याची दांडी गादीखाली येते तेथेही फट राहते. चष्मा काढून तेच गाणे ऐकले की फरक लगेच कळतो. नवीन गाद्या बऱ्याच मॉडेलना मिळतात आणि घरी बसवता येतात, पण घेताना मूळ गादीइतक्याच जाडीच्या घ्याव्यात, कारण जाडी बदलली की कान आणि ड्रायव्हर यांतले अंतर बदलते आणि संपूर्ण आवाजाचा समतोल हलतो. इअरफोनच्या जाळीवर मळ साचला असेल तर जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. शेजारच्या सूक्ष्म छिद्रात सुई घालू नये. ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते आणि त्यामागेच नाजूक पडदा असतो.

जॅक आणि पिन

वायरच्या हेडफोनमध्ये गायकाचा आवाज गायब होऊन पोकळ संगीत उरले असेल, तर कारण जवळजवळ नक्की आहे. डाव्या आणि उजव्या ड्रायव्हरची परतीची वायर सामाईक असते. ती तुटली किंवा जॅकमध्ये टेकली नाही की दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात आणि दोन बाजूंमधला फरक तेवढा वाजतो. गायकाचा आवाज आणि बेस दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, त्यामुळे नेमके तेच एकमेकांत वजा होऊन जातात. माइकचे बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर पिन आणि फोन यांची जुळणी चुकते आहे किंवा पिन पूर्ण आत जात नाही, असे खात्रीने म्हणता येते.

पँटच्या खिशातला कापसासारखा मळ जॅकच्या तळाशी दाबून बसतो आणि पिन बाहेर राहते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच उकरून काढावा. धातूची टाचणी वापरू नये. पिनवर जाड कव्हराची कड अडत असेल तर कव्हर काढून पाहावे. त्यानंतरही पिनेजवळ वायर वाकवताच आवाज येत-जात असेल तर वायर तेथे आतून तुटलेली आहे. नवीन पिन लावून घेणे हे डाग (सोल्डर) देता येणाऱ्या कोणाही तंत्रज्ञाचे थोड्या वेळाचे काम आहे. स्वतः करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की या बारीक वायरींवर लाखेचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय किंवा तापवून जाळल्याशिवाय डाग धरत नाही.

स्पीकरची जागा आणि वायरची दिशा

स्पीकरच्या बाबतीत पहिला संशय खोलीवर घ्यावा, कारण स्पीकर हलवायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या सदनिकांत १० बाय १२ फुटांची खोली सर्रास असते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर अशा खोलीत १२ फुटांच्या दिशेने सुमारे ४७ आणि १० फुटांच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर भिंतीपासून भिंतीपर्यंत उभा राहतो. भिंतींपाशी तो भरपूर असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ शून्य. मध्यावर खुर्ची टाकून ऐकणाऱ्याला बेस मिळत नाही, आणि शेजारच्या खोलीतली माणसे मात्र भिंत हादरते म्हणून तक्रार करतात. खुर्ची फूट-दीड फूट मागे सरकवावी. स्पीकर भिंतीजवळ नेल्यास बेस वाढतो, कोपऱ्यात नेल्यास आणखी वाढतो, पण तेथे घुमण्याचा धोका असतो. डग्ग्याची मींड ऐकत थोडे थोडे सरकवणे हाच मार्ग आहे. सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर तो काही वेळ आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा आणि आपण जमिनीलगत वाकून भिंतीकडेने फिरावे. जेथे बेस सर्वांत सारखा आणि भरीव लागेल ती सबवूफरची जागा.

यानंतर वायरची दिशा पाहावी. घर रंगवून झाल्यावर किंवा सामान हलवल्यावर बेस गेला असेल तर मी प्रथम हेच तपासतो. एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी लागली की एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते, म्हणजे दोन स्पीकरमधल्या अंतराच्या कितीतरी पट. त्यामुळे हे दोन विरुद्ध धक्के जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना मारून टाकतात. वरच्या स्वरांची लांबी काही सेंटिमीटरच असल्याने ते तसे कापले जात नाहीत. दोन्ही स्पीकर समोरासमोर, हातभर अंतरावर ठेवून गाणे लावावे, मग ॲम्प्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी आणि पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत बेस जास्त, ती बरोबर.

वायरींवर खूण नसेल तर स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवून १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवावा. मोठ्या स्पीकरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) बाहेर सरकला तर सेलचे धन टोक लागले ते स्पीकरचे धन टोक. सेल धरून ठेवू नये, आणि ही परीक्षा हेडफोनवर करू नये. सबवूफरच्या मागे ० आणि १८० असे लिहिलेले बटण असते, त्याचा अर्थही हाच. दोन्ही स्थितींत ऐकून भरीव लागेल ती ठेवावी. होम थिएटरचा रिसीव्हर असल्यास छोट्या स्पीकरसाठी 'स्मॉल' हा पर्याय निवडून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा, नाहीतर जो बेस सबवूफरकडे जायचा तो छोट्या स्पीकरकडे जातो आणि तेथेच विरतो.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. पीएमपीओ (क्षणिक कमाल शक्ती) म्हणून छापलेल्या आकड्याला कोणतेही मान्य प्रमाण नाही. आरएमएस (सतत देता येणाऱ्या शक्तीचे) वॉट दिले असतील तर तेवढेच वाचावेत.

कोन, कॉइल आणि ॲम्प्लिफायर

येथून पुढे स्पीकरची जाळी काढावी लागते. कोनाच्या कडेची गोल पट्टी फोमची असेल तर वर्षांगणिक ती भुसभुशीत होते, बोट लावताच तिचा चुरा पडतो. पट्टी फाटली की कोनाच्या पुढची आणि मागची हवा मिसळते, बेस जातो आणि फडफड सुरू होते. रबरी पट्टी बरीच जास्त टिकते. पट्टी शाबूत दिसत असेल तर दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर, मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून तो अगदी हलका आत दाबावा. हालचाल गुळगुळीत हवी. वाळूवर कागद घासल्यासारखी खसखस बोटांना जाणवली तर कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) चुंबकाच्या फटीत घासते आहे. असा स्पीकर रिकोनिंगला, म्हणजे कोन आणि कॉइल बदलून घ्यायला, द्यावा. चिकटपट्टीने किंवा फेव्हिकॉलने तो सुधारत नाही, उलट कोन जड होऊन आणखी बिघडतो.

मल्टिमीटर असेल तर सोडवलेल्या स्पीकरचा रोध मोजावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ आणि ४ ओहमचा साडेतीनच्या आगेमागे दाखवतो, आणि ते बरोबर आहे, कारण छापील आकडा एकदिश प्रवाहाच्या रोधाचा नसतो. आकडा येतच नसेल तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ आला तर जळून आत चिकटलेली. हेडफोनमध्ये दोन बाजूंचे आकडे जवळपास सारखे यावेत.

स्पीकर, वायर, जागा सर्व ठीक असून वर्षानुवर्षे आवाज कोरडा होत गेला असेल तर संशय ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटरवर जातो. आपल्याकडे घरोघरी आणि छोट्या मंडळांत जे '४४४०' आयसीचे हाताने जुळवलेले ॲम्प्लिफायर चालतात, त्यांत स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर बहुधा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ८ ओहमच्या स्पीकरसह तो सुमारे २० हर्ट्झपासूनचा आवाज पुढे सोडतो. उष्णतेने आतून सुकून त्याची क्षमता १०० मायक्रोफॅरडवर आली की हीच सीमा २०० हर्ट्झवर चढते, म्हणजे जवळजवळ सगळा बेस दारातच अडतो, आणि बाकी गाणे मात्र व्यवस्थित वाजत राहते. माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी ओल आलेला कपॅसिटर डोळ्यांनीही ओळखता येतो.

कोठे थांबावे

ॲम्प्लिफायरमधला कपॅसिटर बदलणे मात्र घरगुती तपासणीच्या हद्दीबाहेर आहे. या डब्यांत २३० व्होल्टची वीज येते आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भारलेले राहतात. डाग देण्याचा आणि वीज उतरवण्याचा सराव नसेल तर झाकण उघडू नये. ॲम्प्लिफायर सुरू करताच कोन एका बाजूला ताणला जाऊन तेथेच राहत असेल तर तत्क्षणी बंद करावे, कारण स्पीकरकडे थेट एकदिश प्रवाह जात आहे आणि काही सेकंदांत कॉइल जळू शकते. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, जळका वास आला किंवा धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तरी पुढे काही करू नये. ब्लूटूथ हेडफोनची किंवा त्याच्या डबीची बॅटरी फुगून शिवण उघडली असेल तर ते चार्जिंगला लावू नये आणि दाबूही नये.

एक शक्यता उपकरणाबाहेरची आहे. वायरचे हेडफोन उलटे, म्हणजे डावे उजव्या कानावर, घालून पाहावेत. दोष हेडफोनसोबत दुसऱ्या बाजूला गेला नाही, तर तो कानात आहे. मळ असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ काही मिनिटांत काढतात. काडी घालून तो आत ढकलू नये. एका कानाने ऐकू येणे अचानक कमी झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा वेळी उपचार जितके लवकर तितके बरे होण्याची शक्यता जास्त.

तंत्रज्ञाकडे जाताना, मग तो गल्लीतला असो, पुण्यातील तपकीर गल्लीतला असो की मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरचा, "बेस नाही" एवढेच सांगू नये. दुसऱ्या फोनवर काय झाले, वायर उलटून काय झाले, मल्टिमीटरने काय दाखवले हे कागदावर लिहून द्यावे, स्पीकरची जोडी असेल तर बरा असलेलाही सोबत न्यावा म्हणजे त्याला तुलना करता येते, आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.